कूस बदलणारं यान

गेल्या महिन्यात वॉर्डात राउंड घेत असताना एका आजींच्या कॉटजवळ त्यांचा सातवीतला नातू मोबाईलवर जुन्या चांद्रमोहिमेचा व्हिडिओ पाहत बसला होता. मला बघून त्याने मोबाईल लपवला नाही, उलट विचारलं, "डॉक्टर, इंजिन बंद आहे ना, मग यान गोल गोल का फिरतंय?" मी तेव्हा त्याच्या आजींना कुशीवर वळवून माकडहाडापाशी पडलेली जखम पाहत होतो. त्याचं उत्तर तिथेच होतं.

मे महिन्यात आपल्या सुप्याकडे ऊन कितीही तापलं तरी हवा असते, ती थोडी उष्णता वाहून नेते. अंतराळात हवाच नाही. सूर्याकडे तोंड केलेली बाजू शंभर अंशांच्या वर तापू शकते, सावलीतली उणे शंभराच्याही खाली जाऊ शकते. एकीकडे टाक्यांमधला दाब वाढणार, दुसरीकडे नळ्या गोठणार. म्हणून अपोलो यानं चंद्राकडे जाताना सूर्याला आडवी होऊन तासाला साधारण तीन फेऱ्या घेत स्वतःभोवती फिरत राहायची. अमेरिकेतले लोक याला बार्बेक्यू म्हणत. आपण निखाऱ्यावरचं वांगं म्हणू. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ची प्राणवायूची टाकी फुटली, वीज जपून वापरायची वेळ आली, तरी अंतराळवीरांनी यान फिरवणं सोडलं नाही.

फिरण्याचं दुसरं कारण भोवऱ्याचं. फिरता भोवरा पडत नाही, तसं फिरतं यान आपली दिशा सोडत नाही. १९८० साली आपण आपल्याच रॉकेटने सोडलेला ३५ किलोचा रोहिणी उपग्रह असाच फिरता होता.

आजची बरीच यानं अशी फिरत नाहीत. अंगावर चकचकीत पापुद्र्यांचं पांघरूण असतं, उष्णता बाहेर टाकणारे पत्रे असतात. तरी प्रसंग येतोच. चांद्रयान-१ हे २२ ऑक्टोबर २००८ रोजी पीएसएलव्हीने गेलं. या रॉकेटच्या मोटारींची पोलादी आवरणं आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरच्या कारखान्यात बनतात, हे इथल्या किती मुलांना ठाऊक आहे कोण जाणे. चंद्राभोवती पोचल्यावर महिन्याभरातच यानाचं तापमान पन्नास अंशांपर्यंत चढलं. इस्रोने काही उपकरणं बंद केली आणि यान सुमारे वीस अंशांनी वळवलं. तापमान उतरलं.

वीस अंश म्हणजे फार नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही साधारण तीस अंशच लागतात. पाठीमागे उशी सरकवून एका बाजूला थोडं कलतं केलं की माकडहाडावरचा भार निघतो. आपल्या त्वचेतल्या केशवाहिन्यांमध्ये रक्ताचा दाब जेमतेम ३०-३२ मिलिमीटर असतो. हाड आणि गादी यांच्यात मांस दबलं की या वाहिन्या मिटतात. तुम्ही-आम्ही झोपेतही नकळत कूस बदलतो. पक्षाघात झालेल्या, खुब्याचं हाड मोडलेल्या, मधुमेहाने संवेदना गेलेल्या माणसाला ते जमत नाही. दोन-तीन तासांत इजा सुरू होऊ शकते. त्वचेवर लालसर डाग दिसला तर बोटाने दाबून पाहा. दाबल्यावर तो फिकट होत नसेल तर दाबव्रणाची सुरुवात झालेली आहे. तिथे चोळू नका, पावडर थापू नका, खाली ट्यूबची चकती ठेवू नका. हवेच्या गादीचा उपयोग होतो, पण ती घेतली म्हणून वळवायचं थांबवलं, तर पैसे वाया जातात.

यात आम्हा डॉक्टरांचाही दोष आहे. मीसुद्धा वर्षानुवर्षं घरी जाणाऱ्या रुग्णाच्या कार्डावर 'पूर्ण विश्रांती' असं लिहीत आलो. घरच्यांनी त्याचा अर्थ 'हलवू नका' असा घेतला, आणि तो घेतला यात त्यांची चूक नाही. गोळ्यांसमोर आपण सकाळ-संध्याकाळ लिहितो, मग दर दोन तासांनी कूस बदलणं हेही औषधासारखंच वेळांसह लिहायला हवं. मी आता लिहितो.

पण नुसतं लिहून भागत नाही. अंतराळात अडवायला हवा नसल्याने यानाला एकदा गती दिली की ते बराच काळ आपोआप फिरत राहतं. घरात मात्र दर वेळी कुणीतरी उठावं लागतं, आणि बहुतेक घरांत ते उठणं सुनेच्या वाट्याला येतं. दिवसभर रान, गुरं, स्वयंपाक करून रात्री चार वेळा उठणाऱ्या बाईची जखमेपायी खरडपट्टी काढणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. मला त्यांचा राग येतो. यानामागे पाळीपाळीने जागणारी माणसं असतात, घरातही पाळ्या लावाव्यात, त्यातही पुरुषांच्या.

त्या आजींना घरी सोडताना मी एका कागदावर वेळा लिहून दिल्या आणि समोर नावं लिहायला सांगितलं. नातवाने संध्याकाळी सहा आणि आठसमोर स्वतःचं नाव घातलं. रात्री बारा, दोन आणि चारसमोर त्याने सवयीने आईचं नाव लिहायला घेतलं. मी पेन त्याच्या वडिलांकडे दिलं.