बंदी त्यांच्या शेतात, माल आपल्या कृषी केंद्रात

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरातलं कुणी पाठीवर पंप बांधून फवारणीला जातं, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

लॉबिंग म्हटलं की आपल्याला नोटांनी भरलेली बॅग आठवते. डिसेंबर 2022 मध्ये ब्रुसेल्सला तसंच झालं. युरोपीय संसदेच्या एका उपाध्यक्षांना अटक झाली, लाखो युरोंची रोकड जप्त झाली, जगभर बातम्या झाल्या. पण माझं म्हणणं असं की ती बॅग किरकोळ होती. मोठं काम बॅगेशिवाय होतं, उजेडात होतं आणि पूर्णपणे कायदेशीर होतं. म्हणूनच ते कुणाला दिसत नाही.

आधी तिथली व्यवस्था समजून घ्या. युरोपीय संघात 27 देश. कायद्याचा मसुदा मांडायचा अधिकार युरोपीय आयोगाला. मग तो 720 खासदारांच्या संसदेत आणि सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेत जातो. म्हणजे दारं तीन, आणि तिन्ही दारांवर माणसं उभी. तिथल्या अधिकृत नोंदवहीत लॉबिंग करणाऱ्या 12 हजारांहून जास्त संस्था आहेत. त्यात पर्यावरणवालेही आहेत, कामगार संघटनाही आहेत, खोटं कशाला बोलू. पण खिसा बघा. रासायनिक कंपन्यांची एकच संघटना, सेफिक, तिने स्वतः जाहीर केलेला लॉबिंगचा खर्च वर्षाला एक कोटी युरोच्या आसपास आहे. आपल्या पैशात नव्वद-शंभर कोटी. दरवर्षी!

आता तुम्ही म्हणाल, भाऊ, ब्रुसेल्सच्या भानगडीशी यवतमाळचा काय संबंध? सांगतो.

2017 चा पावसाळा आठवा. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. फवारणी करणारे एकामागून एक दवाखान्यात येत होते. दिसत नव्हतं, उलट्या थांबत नव्हत्या. एकट्या आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली, शेकडोंना विषबाधा झाली. तेव्हा जी नावं पुढे आली त्यात एक होतं पोलो. कंपनी सिंजेंटा, मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये. त्यातलं डायफेन्थियुरॉन हे रसायन युरोपीय संघात आणि खुद्द स्वित्झर्लंडमध्ये वापरायला तेव्हाही बंदी होती. विषबाधा आमच्या औषधाने झाली नाही असं कंपनी म्हणते. दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांनी 2020 मध्ये थेट बासेलच्या न्यायालयात दावा लावला. त्या दाव्याचा निकाल इथे बसून मी देणार नाही. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. जे औषध स्वतःच्या शेतात चालत नाही, ते दुसऱ्याच्या शेतासाठी विकायला चालतं कसं?

आणि हा प्रकार एका औषधापुरता नाही. युरोपात बंदी असलेली कीटकनाशकं आणि तणनाशकं, 2018 या एका वर्षात बाहेर पाठवायला परवानगी मिळालेली: 81 हजार टनांहून जास्त. हा आकडा पब्लिक आय आणि अनअर्थ्ड या दोन गटांनी सरकारी कागदपत्रं मागवून 2020 मध्ये बाहेर काढला. त्यानंतर जरा लाज वाटली. ऑक्टोबर 2020 मध्ये युरोपीय आयोगाने रसायनांविषयीच्या धोरणात लिहून दिलं की आमच्याकडे बंदी असलेली घातक रसायनं निर्यातीसाठी तयार होऊ देणार नाही. लेखी वचन!

त्या वचनाचं काय झालं? पाच वर्षं उलटून गेली. 2023 मध्ये लोकांच्या सूचना मागवल्या, सूचनांचा गठ्ठा जमा झाला, कायदा मात्र आला नाही.

लॉबिंगचं खरं हत्यार हेच आहे. "नाही" कुणीच म्हणत नाही. "आधी अभ्यास करू" म्हणतात. मग "परिणामांचा आणखी एक अभ्यास". मग "सध्या युद्ध चालू आहे, वेळ योग्य नाही". मग निवडणूक. कायदा मारायची गरजच पडत नाही, तो म्हातारा होऊन आपोआप मरतो.

दुसरं उदाहरण घ्या. खुद्द युरोपात कीटकनाशकांचा वापर 2030 पर्यंत निम्म्यावर आणायचा मसुदा आयोगाने जून 2022 मध्ये आणला. कीटकनाशक कंपन्यांची क्रॉपलाइफ युरोप आणि बड्या शेतकरी संघटनांची कोपा-कोजेका, दोघींनी विरोध लावून धरला. अन्न कमी पडेल, शेतकरी मरेल, हा सूर. डिसेंबर 2022 मध्ये देशांच्या मंत्र्यांनी आणखी अभ्यास मागितला. 22 नोव्हेंबर 2023 ला संसदेत 299 विरुद्ध 207 मतांनी मसुदा पडला. फेब्रुवारी 2024 मध्ये रस्त्यावर ट्रॅक्टर होते, तेव्हा आयोगाने तो मागे घेतला. तिथल्या शेतकऱ्याची चीड खरी होती. भाव मिळत नाही, खर्च वाढलाय, हे दुखणं आपल्यासारखंच. पण बंदूक कुणाची आणि खांदा कुणाचा, हे बघा. भाव त्याला तेव्हाही मिळाला नाही. औषधाची विक्री मात्र वाचली.

निर्यातीच्या बाजूने कंपन्यांचे युक्तिवाद ठरलेले आहेत. पहिला: आम्ही नाही विकलं तर चीन विकेल. असं असेल तर चोरीचा कायदाही रद्द करा, आपण नाही तर दुसरा कुणी चोरेलच. दुसरा: घेणाऱ्या देशाची परवानगी असते. असते ना, कागदावर. पण ज्या शेतमजुराला डब्यावरचं बारीक अक्षर वाचता येत नाही, हातमोजे मिळत नाहीत आणि भर उन्हात मास्क लावता येत नाही, त्याची परवानगी कुणी घेतली? तिसरा: व्यवसायाचं स्वातंत्र्य. याचं उत्तर तर न्यायालयानेच देऊन ठेवलंय. फ्रान्सने 2018 मध्ये अशा निर्यातीवर बंदीचा कायदा केला. कंपन्यांची संघटना न्यायालयीन लढाईत उतरली. 31 जानेवारी 2020 ला तिथल्या घटना परिषदेने सांगितलं की पर्यावरण आणि आरोग्यासाठी व्यवसायावर बंधन घालता येतं, नुकसान देशाबाहेर होणार असेल तरी. स्वित्झर्लंडनेही 2021 पासून डायफेन्थियुरॉनसह पाच औषधांची निर्यात बंद केली. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. फ्रान्सच्या कायद्यात मात्र फट राहिली. तयार औषधाला बंदी, पण त्यातलं मूळ रसायन शुद्ध स्वरूपात पाठवायला वाट मोकळी. अशा फटी आपोआप पडत नसतात.

आता उलटी बाजू बघा. आपल्या नाशिक-सांगलीच्या द्राक्षाच्या घडात औषधाचा अंश मर्यादेपेक्षा कणभर जास्त निघाला तर युरोपात माल अडतो. 2010 मध्ये क्लोरमेक्वाटच्या पायी निर्यातदार आणि बागायतदार कसे अडचणीत आले, ते द्राक्षवाल्यांना विचारा. त्यांच्या ताटाची काळजी त्यांनी जरूर घ्यावी. पण ताटातला कण मोजणाऱ्यांना आपल्या माणसाच्या फुफ्फुसात गेलेलं औषध मोजावंसं वाटत नाही?

सगळं खापर युरोपवर फोडून मोकळं होऊ नका. आपल्या केंद्र सरकारने मे 2020 मध्ये 27 कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला होता. कंपन्यांच्या हरकती आल्या, समिती बसली, 2023 मध्ये यादी तीनवर आली. 27 वरून तीन! तीनच का, असं सर्वोच्च न्यायालयालाही विचारावं लागलं. ब्रुसेल्स असो की दिल्ली, खेळ एकच.

मग करायचं काय? दोन गोष्टी आपल्या हातात आहेत.

एक, भारत आणि युरोप यांची व्यापाराची बोलणी 2022 पासून पुन्हा सुरू झाली. त्यात मोटार, दारू, कापड सगळ्यांवर चर्चा झाली. प्रत्येक खासदाराला विचारा: "तुमच्याकडे बंदी असलेलं औषध आमच्याकडे पाठवू नका, हे एक वाक्य आपल्या बाजूने कुणी मांडलं का?" मांडलं नसेल तर का नाही?

दोन, कृषी विभागाने प्रत्येक कृषी केंद्रात मराठीत फलक लावायला लावावा. कोणत्या औषधाला युरोपात बंदी आहे, ठळक अक्षरात. दुकानदार मित्रांनी रागावू नये, विषबाधा झाली की पहिला दगड तुमच्याच दुकानावर पडतो. कंपनीचा साहेब लांब असतो.

त्यांच्याकडे शंभर कोटी आहेत. आपल्याकडे मत आहे आणि विचारायला तोंड आहे. पुढच्या वेळी खासदार गावात आले की सत्कार, हार-तुरे होऊ द्या, पण हार घालतानाच हा प्रश्न विचारा. उत्तर काय मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा. मी एकेक छापतो.