सोलापूरचे संशोधक सोलापूरबाहेरच

तेल्या रोगाने सांगोला-पंढरपूर पट्ट्यातल्या किती डाळिंबबागा उपटायला लावल्या, हे या जिल्ह्याला सांगायला नको. हा रोग झँथोमोनास नावाचा जिवाणू पसरवतो. त्याचे कोणते प्रथिन अडवायचे, त्यात कोणता रेणू चपखल बसेल, याची चाचपणी प्रयोगशाळेत उतरण्याआधी संगणकावर करता येते. हेच मॉलिक्युलर मॉडेलिंग. २०१३ आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल याच वाटेवरच्या कामाला मिळाले. प्रथिनांची रचना पारखणारा, जगभर वापरला जाणारा आलेख तर १९६३ मध्ये आपल्याच देशात, मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन यांच्या गटाने मांडला होता.

सोलापुरात २००४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. प्रश्न इथलाच आहे. तो सोडवू शकणारी मुले मात्र पीएचडीचा प्रबंध सादर करताच पुणे, हैदराबाद, बंगळूरची गाडी पकडतात आणि तिथून जर्मनी-अमेरिका गाठतात.

त्यांना दोष कसा द्यावा? पीएचडीनंतरची दोन-तीन वर्षे संशोधक स्वतःच्या पायावर उभा राहण्याची असतात. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोनच वर्षांची, वयाची अट साधारण पस्तिशीची, आणि स्पर्धा देशभराची. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने रिसर्च असोसिएटचे मासिक मानधन ५८ ते ६७ हजार रुपये केले, अधिक घरभाडे. कागदावर हे चांगलेच आहे. पण पैसे महिनोन्‌महिने अडकले, तर तिशी ओलांडलेल्या, घर चालवणाऱ्या माणसाने काय करायचे? फेलोशिप संपवून बाहेर पडले की प्राध्यापकाची पदे रिक्त, तरी भरती नाही. उरते तासिका तत्त्वावरचे शिकवणे. देश सकल देशांतर्गत उत्पादनाच्या जेमतेम ०.६४ टक्के संशोधनावर खर्च करतो, त्याचा चटका असा गावोगावी बसतो.

यात सर्वांत बोचणारी गोष्ट ही, की मॉलिक्युलर मॉडेलिंगच्या शाखेला कोट्यवधींची यंत्रे लागत नाहीत. ग्रोमॅक्ससारखी सॉफ्टवेअर मोफत मिळतात. पुण्याच्या आयसर या संशोधन संस्थेत ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक २०१९ पासून आहे. त्यावर गणित चालवायला पुण्यात राहावे लागत नाही. परवानगी आणि चांगली इंटरनेट जोडणी पुरते. लहान विद्यापीठाने मोठ्यांच्या बरोबरीने करावे असे विज्ञान शोधायचे, तर ते हेच आहे. आणि नेमके त्याचेच मनुष्यबळ आपण गमावत आहोत.

विद्यापीठाने डाळिंब केंद्राला सोबत घेऊन स्वनिधीतून तीन वर्षांची पाच पोस्टडॉक पदे निर्माण करावीत. दरमहा ५८ हजारांच्या दराने, घरभाडे वगळता, वर्षाचा खर्च ३४ लाख ८० हजार रुपये येतो. मानधन दर महिन्याला वेळेवर जमा होईल, अशी हमी ठरावातच लिहावी. अधिसभेच्या सदस्यांनी येत्या अर्थसंकल्पी बैठकीत ही तरतूद मागावी, आणि मिळेपर्यंत मागत राहावे.