शेजारचा मुलगा

जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा जणांचे प्राण घेणारे जक्कल, सुतार, जगताप आणि शाह हे कोणी परमुलखातले दरोडेखोर नसून टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते; २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यास त्यांना फाशी झाली, तरी अशा मुलांच्या शेजारी वाढलेल्यांच्या बालपणाची फेरतपासणी कोणत्याही अदालतीत होत नाही. दारोदारी कॅमेरे लागल्याने शेजारी कळू लागला, हा हल्लीचा समज आम्हांस भाबडा वाटतो, म्हणूनच हा अंक. यात गुन्ह्याचा पंचनामा नाही (तो दफ्तरी दाखल आहेच). आहे ती केवळ शेजाऱ्यांच्या अवघडलेल्या स्मृतींची विचारपूस. वाचकांनी नावनिशी गाळून आपले अनुभव अवश्य कळवावेत. आरोपीच्या घरच्यांची बाजू कोणी मांडल्यास तिला अग्रस्थान देऊ.