काठावरचा माणूस

चर ढासळून माणूस गेला की आमच्याकडे तीन वाक्यं ठरलेली. 'त्याची वेळ भरली होती.' 'मातीपुढं कुणाचं चालतंय?' आणि अंत्यविधी उरकायच्या आत, 'काम थांबवून कसं भागंल?' या तिन्ही पळवाटा आहेत. मातीला नशीब कळत नाही, तिला फक्त वजन असतं. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते, म्हणजे तीन तगडे बैल एकदम अंगावर. छातीपर्यंत गाडलेला माणूस डोकं वर असूनही गुदमरतो, कारण सोडलेला श्वास परत घ्यायला बरगड्यांना जागाच उरत नाही.

आमच्या वस्तीवरचा एक पोरगा असाच गेला. तालुक्याच्या गावात गटाराच्या पाइपासाठी नऊ फूट चर खणला होता. जेसीबीनं काढलेली माती अगदी काठावर रचलेली, वर आदल्या रात्रीचा पाऊस. काठावर देखरेखीला ठेकेदारानं बसवलेला विशी-बाविशीचा मुलगा. त्याला दिवसाकाठी किती मीटर पाइप गेला एवढंच लिहायला शिकवलेलं. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्या हाती वही दिली, पण काम थांबवायचा हक्क दिला नाही. माझा राग आहे तो त्याला तिथं बसवणाऱ्यांवर.

मी लहान असताना आमच्या मळ्यात विहीर खणली. खणणाऱ्यांचा म्होरक्या अंगठेबहाद्दर. पण रोज सकाळी तो एकटा काठानं फेरी मारायचा, भेग दिसली की वाकून बघायचा, कडेला पहार आपटून आवाज ऐकायचा. आवाज भद्द आला की म्हणायचा, "आज कुणी उतरायचं न्हाई." माझे आजोबा मालक असूनही गप बसायचे. म्हणून जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणत नाही. विहिरींनीही माणसं खाल्लीत. पण उतरायचं की नाही हे ठरवणारा माणूस तेव्हा काठावर होता. यंत्र आलं, आठ दिवसांचं काम सकाळच्या न्याहारीपर्यंत व्हायला लागलं आणि तो माणूस नाहीसा झाला. त्याच्या जागी आपण कुणाला तयार केलं?

नियम नाहीत असं नाही. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली कायदा झाला. खोदकामाच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ३७६४ आहे. दीड मीटर म्हणजे पाच फुटांहून खोल चराला फळ्या-टेकूंचा आधार द्या, नाहीतर बाजू उतरत्या कापा. काढलेली माती आणि गाड्या काठापासून लांब ठेवा. हे कळायला इंजिनियर लागत नाही, पण कुणीतरी शिकवावं लागतं. आमच्याकडे प्रशिक्षण म्हणजे हेल्मेट घालून काढलेला एक फोटो आणि कागदावर सह्या. अंगावर दीड टन आल्यावर हेल्मेट काय करणार?

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. काल टणक उभी असलेली कड आज उभी राहीलच असं नाही. म्हणून रोज सकाळी आणि प्रत्येक पावसानंतर चर नव्यानं बघायचा, हे मुकादमाला शिकवा. शिडी हाताशी हवी, हे शिकवा. दरड पडलीच तर पाठोपाठ दुसऱ्यानं उडी मारायची नाही आणि गाडलेल्या माणसावर जेसीबीचं बकेट चालवायचं नाही, हेही शिकवा.

ठेकेदार म्हणतो, यानं खर्च वाढतो. वाढू दे. फळ्या आणि टेकू एका चरातून काढून दुसऱ्यात लावता येतात. माणूस तसा लावता येत नाही.

शहरात तुमच्या सोसायटीचा पाया खणला जातो, खेड्यात आमच्या दारापुढं नळाचा चर येतो. दोन्हीकडं खाली उतरणारा बहुतेक आमच्यासारख्याच एखाद्या गावचा असतो. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या बैठकीत एवढंच विचारा : देखरेख कोण करणार, तो काय शिकलाय, आणि काम बंद करायचा हक्क त्याला लेखी दिलाय का? उत्तर मिळेपर्यंत पाच फुटांखाली कुणाला उतरू देऊ नका. पाइप चार दिवस उशिरा आला तर आपण हंड्यानं पाणी आणू. ते आपल्याला चांगलं जमतं.