पिसे उपटणारा पोपट आणि घरातला खोकला

काही महिन्यांपूर्वी एका वृद्ध बाईंना तपासण्यासाठी त्यांच्या घरी गेलो होतो. बाहेरच्या खोलीत त्यांचा रक्तदाब मोजत असताना आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. आधी दोन कोरडे ठसके, मग घशात अडकलेला कफ सुटावा तसा खोल आवाज आणि शेवटी दमलेला सुस्कारा. "आत कोण आजारी आहे?" मी विचारले. काकू क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "कोणी नाही, डॉक्टर. तो मिठू. ह्यांचा खोकला उचललाय त्याने."

काकांना जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. त्यापूर्वीचे आठ महिने तोच खोकला मी दर आठवड्याला स्टेथोस्कोपमधून ऐकला होता, त्यामुळे अंगावर काटा आला हे कबूल केले पाहिजे. आत जाऊन पाहिले. आफ्रिकन ग्रे जातीचा, राखाडी अंगाचा व लाल शेपटीचा एकोणीस वर्षांचा पक्षी. डोक्यावरची पिसे व्यवस्थित, तुकतुकीत. मानेखाली मात्र छाती आणि मांड्या उघड्या पडलेल्या. पिंजऱ्याखाली पिसांचा चुरा साचला होता. आमच्या देखत त्याने छातीवरचे एक पीस चोचीत धरून ओढले आणि काकू कळवळून धावल्या, "अरे मिठू, नको रे बाळा!"

मी पशुवैद्य नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले. एकटे राहणाऱ्या अनेक ज्येष्ठांच्या घरी पिंजरा असतो, आणि त्या पिंजऱ्यातले दुखणे व घरातल्या माणसांचे दुखणे पुष्कळदा एकमेकांत गुंतलेले असते.

पिसे उपटणे म्हणजे ताप येण्यासारखे आहे. ताप कशाने आला हे शोधावे लागते, तसेच इथेही. पक्षी 'चिडका' झाला किंवा 'खोडी लागली' असे म्हणून सोडून देऊ नये. प्रथम पाहावे की हे नैसर्गिक पीसगळणे तर नाही ना. ठरावीक काळाने पक्षी जुनी पिसे टाकतो, पण तेव्हा अंगावर टक्कल पडत नाही. जुन्या पिसांच्या जागी नव्या पिसांचे बारीक कोंब दिसू लागतात. उपटण्यात त्वचा उघडी पडते. दुसरी खूण अधिक सोपी आहे. पक्ष्याची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोहोचत नाही. अंग उघडे आणि डोके भरलेले असेल, तर पिसे तो स्वतःच उपटतो आहे असे समजावे. डोक्याचीही पिसे गेली असतील, तर एखादा आजार किंवा पिंजऱ्यातला दुसरा पक्षी यांचा संशय घ्यावा.

यानंतरची पायरी पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांची. ती गाळून घरगुती उपायांकडे वळू नये. त्वचेचा जंतुसंसर्ग, परजीवी, यकृताचे विकार, चोच व पिसांना होणारा विषाणूजन्य आजार, आहारातील 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता, यांपैकी कशानेही पिसे उपटली जाऊ शकतात. पिंजऱ्याच्या जाळीवरचा जस्ताचा मुलामा किंवा जुन्या रंगातले शिसे सतत चोचीत गेल्याने विषबाधाही होते. पक्षी आजार लपवण्यात मोठे पटाईत असतात; निसर्गात दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत भरतो, म्हणून शेवटपर्यंत ते सावरून बसतात. घरी स्वयंपाकाचा डिजिटल वजनकाटा असेल, तर दर आठवड्याला पक्ष्याचे वजन करून वहीत टिपावे. चार-पाचशे ग्रॅमच्या जिवाचे तीस-चाळीस ग्रॅम कमी होणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. दिवसभर अंग फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसणे किंवा श्वासाबरोबर शेपूट खालीवर हलणे, ही तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठण्याची लक्षणे होत.

मिठूच्या तपासण्यांत जंतुसंसर्ग किंवा विषबाधा आढळली नाही. आहार मात्र सदोष निघाला. सूर्यफुलाच्या बिया, हिरवी मिरची आणि चहात बुडवलेले बिस्किट, एवढ्यावर एकोणीस वर्षे गेली होती. पण पशुवैद्यांनी पुढे जो प्रश्न विचारला, तो आम्हा कोणालाच सुचला नव्हता. "हा झोपतो केव्हा?"

काकू विचारात पडल्या. काकांसाठी रुग्णालयातल्यासारखा पलंग आणला तेव्हा बाहेरच्या खोलीतला पिंजरा स्वयंपाकघराच्या बोळात गेला. रात्री सोबतीला येणाऱ्या बाईंना दिसावे म्हणून तिथला दिवा रात्रभर जळत असे. ही जात पश्चिम व मध्य आफ्रिकेच्या विषुववृत्ताजवळच्या जंगलांतली; तिथे बारा तास उजेड आणि बारा तास अंधार. अशा पक्ष्याला रोज दहा ते बारा तास शांत काळोख लागतो. मिठूला तो आठ महिने मिळालाच नव्हता. शिवाय सकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता काका त्याला डाळिंबाचे दाणे भरवत, त्याच्याशी बोलत, तेही थांबले. मग एक दिवस घर माणसांनी भरले, रडणे झाले, आणि त्यानंतर एकदम सामसूम. काकूंना रात्री झोप येत नसे, म्हणून त्या दुपारभर पडून राहत. घरात बोलणारे कोणी उरले नाही.

जंगलात हा पक्षी थव्याने राहतो, दिवसाचा बराच वेळ अन्न शोधण्यात घालवतो. पिंजऱ्यात अन्न वाटीत समोर येते आणि थवा म्हणजे घरातली दोन माणसे. त्याची बुद्धी किती असते याची कल्पना हवी असेल, तर अमेरिकेतील शास्त्रज्ञ आयरीन पेपरबर्ग यांचा 'अ‍ॅलेक्स' आठवावा. १९७७ पासून २००७ मध्ये तो मरेपर्यंत त्यांनी त्याला शिकवले. वस्तूंचे रंग, आकार आणि सहापर्यंतची संख्या तो ओळखून सांगत असे. अशा जिवाला रिकामे बसवले तर तो स्वतःच्या अंगालाच उद्योग मानतो. जंगलातल्या पक्ष्यांत पिसे उपटण्याचा प्रकार जवळजवळ दिसत नाही, यात सारे आले.

उपाय त्यामुळे औषधांपेक्षा दिनक्रमाचे होते. पिंजरा पुन्हा बाहेरच्या खोलीत आला. एक बाजू भिंतीला टेकलेली, म्हणजे पाठीमागची भीती नको. संध्याकाळी सातला पातळ सुती कापड आणि अंधार. बिया कमी करून हळूहळू गाजर, लाल भोपळा, पालक, पेरू, शिजवलेली कडधान्ये सुरू केली. हा बदल काही आठवड्यांत करावा, एकदम नव्हे. नवे अन्न न ओळखून पक्षी उपाशी राहू शकतो. वाटीत ठेवण्याऐवजी दाणे कागदाच्या पुडीत बांधून, मक्याच्या सालीत गुंडाळून, करवंटीत दडवून दिले. काकूंना यात गंमत वाटू लागली. "लहान मुलाचा डबा भरल्यासारखं वाटतं," असे त्या म्हणाल्या. सकाळी कोमट पाण्याचा बारीक फवारा, कोवळे ऊन आणि अर्धा तास बोलणे. विषय कोणताही चालतो; काकू त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवू लागल्या.

सर्वांत अवघड गेली ती एकच गोष्ट: त्याने पीस ओढले की न धावणे. आपण ओरडलो की पक्ष्याला एवढेच कळते की असे केले की माणूस येतो. रागावणे, पाणी मारणे, अंगाला कडू पदार्थ लावणे, हे तर पूर्णपणे व्यर्थ. त्याने भीती वाढते आणि उपटणेही. गळ्यात घालायचा पट्टा जखम झाली असता पशुवैद्य ठरवतील, आपण नव्हे. तो शांत बसला असेल, खेळत असेल, तेव्हा जवळ जावे. झोपण्यापूर्वी चोच घासल्याचा करकर आवाज आला, तर तो समाधानी आहे असे समजावे. डोके खाली घालून मानेची पिसे फुलवली, तर खाजवून द्यावे, पण डोके व मान एवढेच. पाठीवरून हात फिरवू नये. त्याच्या लेखी तो जोडीदाराचा स्पर्श असतो आणि त्या उत्तेजनेतूनही पिसे उपटली जातात.

आता खोकल्याकडे वळतो. मिठूच्या नव्हे, काकूंच्या.

काकूंनाही दोन-अडीच महिन्यांपासून कोरडा खोकला होता. बेंगळुरूहून आलेल्या चिरंजीवांनी घरभर उडणारा पिसांचा भुसा पाहिला आणि पक्षी कोणाला तरी देऊन टाकण्याचे ठरवले. मला विचारले, तेव्हा मीही मान हलवली. शंका निराधार नव्हती. आफ्रिकन ग्रे, काकाकुवा, कॉकटील यांच्या अंगावरून पांढरी भुकटी सतत झडते. पिसांच्या व विष्ठेच्या धुळीने काहींच्या फुप्फुसांना हळूहळू सूज येते; चालताना धाप, कोरडा खोकला, कधी बारीक ताप. वेळीच ओळखले नाही तर फुप्फुसे कायमची आक्रसतात, आणि तिथे मुख्य उपचार पक्ष्यापासून दूर राहणे हाच असतो. दुसरा आजार सिटॅकोसिस. आजारी पक्ष्याच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे गेल्याने साधारण एक ते दोन आठवड्यांत तीव्र ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला व न्यूमोनिया होतो. त्यावर योग्य प्रतिजैविके चांगली लागू पडतात. मात्र घरात पक्षी आहे हे डॉक्टरांना ठाऊक हवे. आम्ही विचारायला विसरलो, तर आपण सांगावे.

काकूंची छाती स्वच्छ होती, एक्स-रे निर्दोष, जिना चढताना धाप नाही. जुने कागद चाळताना माझ्याच हस्ताक्षरातली चिठ्ठी समोर आली. काका गेल्यानंतर रक्तदाब वाढला म्हणून मी रॅमिप्रिल सुरू केले होते, आणि खोकला त्यानंतर तीनच आठवड्यांनी लागला होता. या गटातील गोळ्यांनी काही जणांना असा कोरडा खोकला होतो, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही नसेल पण तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला नक्की ठाऊक असते. गोळी बदलली. महिन्याभरात खोकला थांबला. मी मान हलवली होती त्या दिवशी पिंजरा घराबाहेर गेला असता, आणि खोकला तसाच राहिला असता. (वाचून कोणी आपली गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना विचारून बदलावी.)

तरीही काळजी घ्यावीच. पिंजऱ्यातला कागद रोज बदलावा आणि तळ ओल्या फडक्याने पुसावा. कोरडा झाडल्यास धूळ उडते. तोंडावर मुखपट्टी, नंतर साबणाने हात. पिंजरा झोपण्याच्या खोलीत नको. दम्याच्या किंवा फुप्फुसांच्या जुनाट विकाराच्या रुग्णाने ही सफाई स्वतः करू नये. रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्यांनी व मधुमेहींनी चोचीच्या जखमेकडे दुर्लक्ष करू नये. स्वतःच्या तोंडातला घास पक्ष्याला देण्याची सवय अनेक आजी-आजोबांना असते. ती दोघांच्याही हिताची नाही. उदबत्ती, डास पळवणारी कॉइल, सुगंधी फवारे पक्ष्याजवळ नकोत. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. चॉकलेट, चहा-कॉफी आणि अ‍ॅव्होकाडो ही त्याच्यासाठी विषेच.

एक कायद्याची गोष्ट. आपल्याकडचा हिरवा पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. घरात असेल तर घाबरून खिडकीतून सोडून देऊ नये, बाहेर तो तगत नाही. वन विभागाशी बोलावे. आफ्रिकन ग्रेसारख्या, आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत नाव असलेल्या परदेशी पक्ष्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. काकूंच्या भाचीने ती करून दिली.

त्याच भाचीकडे पुढे मिठू जाणार आहे. हा पक्षी चाळीस-पन्नास वर्षे जगू शकतो. काकूंचे वय शहात्तर. हे त्यांनी स्वतःच काढले. एका वहीत त्यांनी सारे लिहून ठेवले आहे: काय खातो, कशाला घाबरतो, कोणते कापड पांघरायचे, पशुवैद्यांचा दूरध्वनी क्रमांक. भाची दर रविवारी येऊन त्याला खाऊ घालते, म्हणजे त्या दिवशी ती परकी असणार नाही. आपल्या घरी पक्षी असेल, तर ही वही आजच सुरू करावी. रुग्णालयात अचानक दाखल व्हावे लागले, तरी ती उपयोगी पडते.

सहा महिन्यांनंतर मिठूच्या मांड्यांवर पिसे आली आहेत. छातीवरची एक जागा उघडीच आहे. वारंवार उपटल्याने पिसांची मुळे तिथे मेली असावीत, असे पशुवैद्य म्हणतात. काकूंना ते फारसे खुपत नाही. खोकल्याबद्दलही पशुवैद्यांनी सांगितले होते की, दाद दिली नाही तर तो हळूहळू विसरेल. त्यावर काकू काही बोलल्या नव्हत्या. गेल्या भेटीत मी चिठ्ठी लिहीत असताना तो पुन्हा खोकला, सुस्काऱ्यासकट. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "पाणी देऊ का?"