वेळ नाही, हे उत्तर नव्हे

ग्रंथचर्चेचे मंडळ काढू या म्हटले की आमच्या किनाऱ्यावर एकच उत्तर मिळते : वेळ कोठे आहे? हे उत्तर आम्हांस मान्य नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ साष्टीच्या भाविकांनी रविवारी व सणांना चर्चमध्ये जमून, थोडा थोडा ऐकला. ते सारे काय रिकामटेकडे होते?

आज मालवणचा मुलगा जहाजावर असतो, वेंगुर्ल्याची मुलगी मुंबईच्या इस्पितळात रात्रपाळी करते. समोरासमोर बसल्यावाचून चर्चा कसली, असे आमचे काही ज्येष्ठ म्हणतात. त्यांच्या हट्टापायी ही दोघे कायमची बाहेरच राहावीत काय? मंडळ मोबाइलवरच भरवावे. आठवड्यास एकच प्रकरण घ्यावे. ज्याला जेव्हा सवड मिळेल तेव्हा त्याने आपले मत बोलून ठेवावे, आणि रविवारी रात्री अर्धा तास सर्वांनी एकत्र यावे. वाचन झाले नसेल त्यानेही यावे. ऐकणे हाही वाचनाचाच भाग आहे. सुप्रभातीच्या फुलांना मात्र मज्जाव असावा. (त्यांना इतरत्र जागा पुष्कळ आहे!)

आरंभ जयवंत दळवींच्या 'सारे प्रवासी घडीचे' या पुस्तकाने करावा. आरवली आपल्याच जिल्ह्यातली, माणसे ओळखीची. १ जूनला मासेमारीची बंदी लागते, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. पहिले प्रकरण त्याच आठवड्यात घ्यावे.