जिद्द नावाची पळवाट

गेल्या वर्षी एका आंतरमहाविद्यालयीन निबंधस्पर्धेच्या परीक्षणाचे काम आम्हा दोघांकडे आले होते. विषय होता ‘मला भावलेली खेळाडू’. साठ-बासष्ट निबंध आले. त्यांतील निम्म्यांच्या शीर्षकातच ‘जिद्द’ हा शब्द होता. उरलेल्यांच्या अखेरच्या परिच्छेदात तो भेटला. पहिला क्रमांक आम्ही ब्राझीलची मध्यरक्षक फोर्मिगा हिच्यावरील निबंधाला दिला. भाषा स्वच्छ, माहिती अचूक, विषय वेगळा. प्रस्तुत लेख आमच्या त्या निर्णयाविरुद्ध आहे.

निबंधाची वाट आपल्या सर्वांच्या ओळखीची. साल्वादोर शहरातले गरीब घर, पित्याचे छत्र तान्हेपणीच हरपलेले, मुलीने चेंडू खेळण्याला भावांचा विरोध. ‘समाजाचा रोष पत्करून’ ती खेळत राहिली. आणि मग सात विश्वचषक व सात ऑलिंपिक स्पर्धा. यातील एकही तपशील चुकीचा नाही. तरीही निबंध खोटा आहे, आणि त्याचा खोटेपणा ‘समाजाचा रोष’ या दोन शब्दांत लपलेला आहे.

मिराइल्देस मासिएल मोता हे तिचे खरे नाव. फोर्मिगा म्हणजे पोर्तुगीज भाषेत मुंगी. तिचा जन्म ३ मार्च १९७८ चा. त्या दिवशी ब्राझीलमध्ये स्त्रियांनी फुटबॉल खेळणे कायद्याने निषिद्ध होते. १९४१ साली जेतुलिओ वार्गास यांच्या राजवटीने काढलेल्या ३१९९ क्रमांकाच्या हुकूमनाम्याने स्त्रीच्या ‘प्रकृतीशी विसंगत’ ठरणाऱ्या खेळांवर बंदी घातली. १९६५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा परिषदेने त्या खेळांची नावे घेतली आणि त्यांत फुटबॉल होता. बंदी उठली १९७९ मध्ये, रीतसर नियम झाले १९८३ मध्ये. ज्याला क्रमांक आहे, कलम आहे, सही आहे, त्याला ‘समाज’ म्हणावयाचे? समाज म्हटले की कोणालाच जाब विचारता येत नाही. पाऊस पडला, दुष्काळ पडला, तसा समाजाचा रोष झाला.

ही सवय विद्यार्थ्यांनी आपल्याकडूनच उचलली आहे. महिपतीच्या ‘भक्तविजया’पासून आपल्या चरित्रलेखनात एक वळण मुरले आहे: संताचा छळ होतो, तो छळ म्हणजे कसोटी ठरते, आणि कसोटी पार पडली की छळणाराही पावन होतो. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारे रामेश्वरभट्ट पुढे त्यांचेच शिष्य होतात. भक्तिकथेत हे शोभते, कारण तेथील निवाडा विठ्ठलाकडे सोपवलेला आहे. फुटबॉल महासंघाचा निवाडा कोणाकडे सोपवायचा? १९९० च्या दशकात महिला संघाच्या वाट्याला पुरुष संघाने वापरून टाकलेले, मापाला न बसणारे गणवेश येत. राष्ट्रीय संघातील स्त्री-पुरुषांना समान मानधन जाहीर व्हायला २०२० साल उजाडले; तोवर तिच्या विश्वचषक पदार्पणाला पंचवीस वर्षे झाली होती. संतचरित्राच्या चौकटीत हे सारे तिच्या थोरवीचे पुरावे होतात. अन्याय जितका मोठा, तितकी नायिका मोठी. म्हणजे अन्यायाचे आभारच मानायचे की काय!

निबंधकाराने तिच्या क्लबांची यादी देऊन ‘तिने देशोदेशीची मैदाने गाजवली’ असे लिहिले आहे. स्वीडनमधील माल्मो, मग अमेरिकेतील क्लब, मग ब्राझीलमध्ये साओ जोसे, पॅरिस, आणि अखेरीस साओ पावलो. ती २००९ मध्ये ज्या अमेरिकन व्यावसायिक लीगमध्ये दाखल झाली, ती लीग तीन हंगाम खेळून २०१२ मध्ये बंदच पडली. याला गाजवणे म्हणत नाहीत. हंगाम संपला की दुसरे काम शोधणाऱ्या कारागिराची ही फिरती आहे.

आता मधल्या फळीविषयी, कारण आमचा मुख्य राग तिथे आहे. चरित्राला घटना लागते आणि फुटबॉलमध्ये घटना म्हणजे गोल. फोर्मिगा खेळत होती बचावफळीच्या पुढच्या जागेवर. त्या जागेचे काम मुख्यतः काही तरी घडू न देण्याचे. समोरच्याचा पास निघण्याआधी त्याच्या वाटेत जाऊन उभे राहणे; चेंडू काढून घेतला की दोन पावलांत तो मार्तासारखीच्या पायाशी पोचवणे आणि पुन्हा मागे सरकणे. बचावपटू पुढे धावली की तिची मोकळी जागा भरणे. हे नीट झाले तर पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. चुकले तर गोल होतो आणि नाव बचावपटूचे खराब होते. मार्ता सहा वेळा जगातील सर्वोत्तम खेळाडू ठरली, फोर्मिगा एकदाही नाही. दोनशेहून अधिक आंतरराष्ट्रीय सामने, १९९६ ते टोकियोपर्यंतच्या प्रत्येक ऑलिंपिकमध्ये खेळलेली एकमेव महिला फुटबॉलपटू, आणि पदरात काय? २००४ व २००८ ची रौप्यपदके, २००७ च्या विश्वचषकाचे उपविजेतेपद. निबंधकाराला शिखर सापडत नव्हते, म्हणून त्याने वयाचे शिखर केले: ‘वय हा केवळ आकडा असतो’.

वयाचीच गोष्ट घ्या. २०१६ नंतर ती राष्ट्रीय संघातून निवृत्त झाली होती. २०१८ मध्ये प्रशिक्षक वादाओ यांच्या विनंतीवरून ती परतली आणि २०१९ चा विश्वचषक एक्केचाळिसाव्या वर्षी खेळली. तिची योग्यता वादातीत. २०२१ मध्ये पॅरिसच्या ज्या संघाने ल्योनची सलग चौदा विजेतेपदांची मालिका तोडली, त्यात ती होती. पण पुरुषांचा विश्वचषक पाच वेळा जिंकलेल्या देशाला त्या जागेसाठी निवृत्त बाईला परत बोलवावे लागते, हा तिचा गौरव की त्या देशाची नामुष्की? २३ जून २०१९ रोजी ल हाव्र येथे फ्रान्सकडून हरल्यावर मार्ताने डोळ्यांत पाणी आणून मायदेशीच्या मुलींना सांगितले की फोर्मिगा कायमची असणार नाही, खेळ तुमच्यावर अवलंबून आहे. त्या क्षणी मार्ताला बोल लावणे आम्हाला जड जाते, तरी लिहितो: हे मुलींना सांगण्याचे नव्हे, महासंघाला विचारण्याचे होते.

‘मग संघर्ष नव्हताच का?’ असे आमचे एक ज्येष्ठ सहकारी विचारतात. होता. पण कुस्तीचे वर्णन करताना एकाच पैलवानाचे नाव घेण्याची रीत आम्हाला ठाऊक नाही.

२५ नोव्हेंबर २०२१ रोजी मानाउस येथे ती राष्ट्रीय संघातून शेवटचे खेळली, आणि समोर संघ होता भारताचा. ब्राझील ६–१ ने जिंकले. तो एक गोल मनीषा कल्याणचा. आपल्याकडे सामना लक्षात राहिला तो त्यामुळे, आणि ते योग्यच. फोर्मिगा उत्तरार्धात बदली म्हणून आली, थोडा वेळ खेळली. निबंधात या सामन्याचा उल्लेख नव्हता. बक्षीस-समारंभानंतर आम्ही त्या विद्यार्थ्याला कारण विचारले, तेव्हा तो संकोचून म्हणाला, ‘त्यात तिनं काही केलंच नाही ना, मॅडम.’

आम्ही त्याला १९४१ आणि १९६५ हे दोन सनावळीचे आकडे दिले आणि २००७ च्या अंतिम सामन्याचे चित्रण पाहायला सांगितले. नव्वद मिनिटे चेंडूकडे बघायचे नाही, फक्त आठ क्रमांकाकडे बघायचे, आणि जे दिसेल ते लिहून आणायचे. तो अजून आलेला नाही.